कादंबरी पडद्यावर जाते तेव्हा

एखाद्या गाजलेल्या पुस्तकावर चित्रपट निघाला की गावोगाव एक वाद ठरलेलाच असतो. एक पक्ष म्हणतो, पुस्तकाची सर सिनेमाला यायची नाही. दुसरा म्हणतो, पुस्तक कोण वाचीत बसणार, अडीच तासांत सगळी गोष्ट कळते की! पहिला पक्ष बहुधा आम्हां शिक्षकांचा आणि दुसरा आमच्या विद्यार्थ्यांचा. यातली गंमत अशी, की पहिल्या पक्षातल्या पुष्कळांनी चित्रपट पाहिलेला नसतो आणि दुसऱ्या पक्षातल्या बहुतेकांनी पुस्तक उघडलेले नसते. वाद मात्र हिरिरीने चालतो.

मूळ पुस्तकाहून चित्रपट सरस होऊ शकतो का? होऊ शकतो, असे माझे मत आहे. पण तो केव्हा सरस होतो आणि तसा झाल्यावर मूळ पुस्तकाचे पुढे काय होते, हे दोन प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

आधी कारागिरीची अडचण समजून घेऊ. अडीचशे-तीनशे पानांची कादंबरी निवांत वाचायची तर आठ-दहा तास सहज जातात. चित्रपटाला तेवढी सवड नाही. तेव्हा पटकथा लिहिणारा पहिल्यांदा कात्री हाती घेतो. उपकथानके गळतात, माणसे गळतात, कधी कधी दोन माणसांचे मिळून एक होते. दुसरी अडचण याहून मोठी. ‘त्याच्या मनात आले’ एवढे लिहिले की लेखक सरळ माणसाच्या मनात शिरतो; कॅमेऱ्याला ती सोय नाही. मनात काय चालले आहे ते त्याला बाहेर काढून डोळ्यांना दाखवावे लागते, नाहीतर कानांना ऐकवावे लागते. सामान्य दिग्दर्शक इथे पात्रांच्या तोंडी लांबलचक भाषणे घालतो आणि मोकळा होतो. चांगला दिग्दर्शक काय करतो, ते पाहू.

प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ सालचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतला होता आणि पटकथाही आपट्यांचीच होती. नीरा नावाच्या तरुण मुलीला तिचे पालनकर्तेच फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. लग्न लागते, पण त्याची बायको म्हणून नांदायला ती साफ नकार देते. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांची ‘शारदा’ १८९९ सालीच रंगभूमीवर आली होती. पण शारदेचा प्रश्न लग्न लागण्यापूर्वीचा आणि नीरेचा लग्न लागून गेल्यानंतरचा. माळ गळ्यात पडल्यावर मुलीने काय करायचे?

हा प्रश्न कागदावर मांडताना लेखकाला नीरेची बाजू सांगावी लागते, काकासाहेबांची बाजू सांगावी लागते, समाजाचा दोष दाखवावा लागतो. शांतारामबापूंनी काय केले? भिंतीवर लंबकाचे एक जुने घड्याळ टांगले. ते चालते, अडखळते, थांबते, आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या सरत्या आयुष्याविषयी कोणी काही न बोलता आपल्याला सगळे समजते. दुसरे असे, की या बोलपटात पार्श्वसंगीतच नाही. घरात आणि रस्त्यावर जे आवाज होतात तेवढेच आपण ऐकतो. दुःखाचा प्रसंग आला की सारंगी वाजवायची, ही सोपी वाट त्यांनी टाळली. वाजवायला वाद्ये नव्हती म्हणून नव्हे; प्रभातमध्ये वाद्यांना काय तोटा! त्या घरातली शांतता आपल्या अंगावर यावी, हा त्यांचा हेतू. ती येते. शांता आपटे यांची नीरा ताठ मानेने उभी राहते, आणि केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिलेले नाही. आपली चूक या गृहस्थाला हळूहळू उमगत जाते आणि अखेर तो आपले आयुष्य संपवतो, तेव्हा आपला राग कोणावर काढावा ते कळेनासे होते. इथे चित्रपट पुस्तकाच्या पुढे गेला, असे मी निःशंक म्हणतो.

पण म्हणजे झाले काय? ‘कुंकू’चे नाव घेतले की मान डोलावणारी माणसे आजही पुष्कळ भेटतात, ‘न पटणारी गोष्ट’ वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला. चित्रपट मोठा झाला आणि ज्या झाडाचे ते फळ, ते झाड लोकांच्या नजरेआड गेले. आपटे हे आपल्या काळातले चांगले वाचले जाणारे कादंबरीकार होते, हेही आता मुद्दाम सांगावे लागते.

याच्या अगदी उलट प्रकार बंगालमध्ये झाला. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली, आणि सत्यजित राय यांचा चित्रपट १९५५ साली. राय हे मूळचे चित्रकार. १९४४च्या सुमारास या कादंबरीची मुलांसाठी एक संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रे त्यांनी काढली होती. म्हणजे कॅमेरा हाती घेण्याच्या कित्येक वर्षे आधी हे पुस्तक त्यांच्या बोटांतून उतरले होते. दिग्दर्शनाचा त्यांचा हा पहिलाच प्रयत्न. पैसे मध्येच संपले, चित्रण बंद पडले, आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या मदतीने ते पुरे झाले.

रायांनी पुस्तकात फेरफार किती केले पाहा. इंदिर ठाकरून ही म्हातारी कादंबरीत फार लवकर जाते. चित्रपटात ती बराच काळ जिवंत राहते, कारण अपू-दुर्गेच्या बाळपणाशेजारी एक वार्धक्य त्यांना हवे होते. आगगाडीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. कादंबरीत भावंडे गाडी पाहायला निघतात, पण दुर्गेला गाडी दिसत नाही. चित्रपटात पांढऱ्या काशफुलांच्या रानातून दोघे धावतात आणि काळा धूर सोडीत गाडी समोरून जाते. कोणते बरोबर? पुस्तकातल्या दुर्गेच्या नशिबी गाडीसुद्धा नाही, हे दुःख खोल आहे. पडद्यावर मात्र न दिसलेली गाडी दाखवायची कशी? राय यांनी ती दाखवली, आणि पुढे दुर्गा गेल्यावर ते धावणे आपल्याला आठवून आठवून छळते. वाट वेगळी, मुक्काम बहुतेक एकच.

आणखी एक प्रसंग सांगतो. बाप कित्येक महिन्यांनी घरी परततो. दुर्गा गेल्याचे त्याला माहीत नाही. मुलीसाठी आणलेली साडी तो बायकोपुढे धरतो, आणि इतका वेळ गप्प असलेली सर्बजया एकदम कोसळते. तिचे तोंड उघडलेले दिसते, पण रडणे ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा तीव्र सूर येतो. ‘कुंकू’मध्ये संगीत नसणे हेच संगीत झाले होते, आणि इथे संगीताने माणसाच्या आवाजाची जागा घेतली. दोन्ही गोष्टी कागदाला अशक्य आहेत.

तरीही ‘पथेर पांचाली’च्या बाबतीत मी चित्रपटाला वरचा पाट द्यायला तयार नाही. अपूचे मन, त्याची स्वप्ने, महाभारतातल्या कर्णासाठी त्याचा तुटणारा जीव, हे सारे पुस्तकातच राहिले. कॅमेरा अपूच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. डोळ्यांच्या मागे काय आहे ते बिभूतिभूषणांनाच विचारावे लागते. शिवाय या चित्रपटाने पुस्तकाला झाकले नाही. ते चित्रपटाच्या आधी वाचले जात होते, नंतरही वाचले जाते.

लेखक नाराज झाल्याचीही उदाहरणे आहेत. आर. के. नारायण यांच्या ‘द गाईड’ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६५ साली विजय आनंद यांचा ‘गाईड’ आला. चित्रपट गाजला, गाणी घरोघर गेली. नारायण यांना मात्र तो आवडला नाही आणि त्यांनी तसे लिहूनही ठेवले. शेवटाचाच फरक घ्या. कादंबरीत पाऊस खरेच आला की नाही, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात तो धो धो कोसळतो. ज्याने दुष्काळ पाहिला आहे त्याला पडद्यावरचा पाऊस हवाच असतो, त्याला दोष कसा द्यायचा? पण कादंबरीतली शंका जास्त टिकते, एवढे खरे.

आता आपल्या घरच्या पुस्तकाकडे येऊ. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा मोठा भाग १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात मोजक्या दिवसांत लिहून काढला. १९३५ साली पुस्तक निघाले. गुरुजी १९५० साली गेले, आणि आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली. तेव्हा गुरुजींनी तो पाहिलाच नाही. आयुष्यभर महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाने हा चित्रपट करावा, हा योग मोठा चमत्कारिक. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाची प्रथा १९५४ साली सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी ते पदक या मराठी चित्रपटाला मिळाले.

पुस्तकात मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. सांगता सांगता थांबतो, हळहळतो, उपदेश करतो. चित्रपटाला इतके थांबून चालत नाही. वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते समजवायला वेगळा उपदेश लागत नाही. म्हणून चित्रपट पुस्तकाहून आटोपशीर आहे, असे मी वर्गात म्हटले की काही जणांना राग येतो. येऊ द्या. ‘छडी लागे छम छम’ हे गाणे पुस्तकात नाही, आणि तरीही ते ऐकताना कोणाला उपरे वाटत नाही.

मग हरवले काय? हरवली ती सांगणाऱ्याची हळहळ. पडद्यावर जे दिसते ते आत्ता घडते आहे, असेच वाटते. पुस्तकात मात्र प्रत्येक ओळीमागे एक प्रौढ माणूस बसला आहे. आई गेली आहे आणि तेव्हा आपल्याला कळले नाही, हे त्याला ठाऊक आहे. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा कृष्णधवल चित्रपट केला आणि त्यात तुरुंगातल्या गुरुजींनाच पडद्यावर आणले. तो सांगणारा पहिल्या खेपेला निसटला होता, हे त्यांनी हेरले असावे.

आणि एक बाजू खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. १९५१च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. म्हणजे ‘श्यामची आई’ निघाला तेव्हा ज्यांना पुस्तक वाचताच येत नव्हते अशा आया देशात कोट्यवधी होत्या. जत्रेतल्या तंबूत गोणपाटावर बसून ज्या बाईने हा चित्रपट पाहिला, तिला ‘आधी पुस्तक वाच’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? तिच्यापुरते तरी चित्रपट हेच पुस्तक होते.

‘सिंहासन’विषयी थोडेच बोलतो. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून विजय तेंडुलकरांनी पटकथा केली आणि डॉ. जब्बार पटेलांनी १९७९ साली चित्रपट केला. दोन पुस्तकांचा एक चित्रपट म्हणजे कात्री केवढी चालली असेल! पण निळू फुले यांचा पत्रकार दिगू शेवटी वेडापिसा होऊन हसतो, ते हसणे ऐकले की कापून टाकलेल्या पानांची आठवण राहत नाही.

शिक्षकांसाठी शेवटी ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमलेला कोवळा मास्तर स्वतः ही गोष्ट सांगतो. गाव त्याला कसे सामावून घेते, सगळे मिळून तालीम कशी उभी करतात, आणि दुष्काळात तीच वाडी कशी ओस पडते, एवढेच कथानक. चित्रपट प्रामाणिक आहे, पाहण्याजोगा आहे. पण माडगूळकर हातात कुंचला धरणारे लेखक. त्यांचे छोटे छोटे वाक्य म्हणजेच एक चित्र असते. कॅमेऱ्याने जे करायचे ते लेखणीनेच करून ठेवलेले, मग कॅमेऱ्याने नवे काय करावे? ‘कुंकू’च्या वेळी शांतारामबापूंना भरपूर जागा मोकळी मिळाली होती, ती इथे नाही.

हे पुस्तक मी वर्गात असे घेतो. पहिली काही पाने मोठ्याने वाचतो, आणि गावचा म्हातारा कारभारी कसा दिसत असेल ते मुलांना लिहायला सांगतो. कोणी त्याला उंच करतो, कोणी वाकलेला. एका मुलाने आपला आजाच उभा केला होता. चित्रपट यानंतर दाखवतो. आधी दाखवला तर सगळ्या वह्यांत पडद्यावरचाच कारभारी येतो, हा अनुभव आहे. ‘कुंकू’च्या बाबतीत मात्र मी क्रम उलटा ठेवतो, कारण तो चित्रपट पाहिल्याशिवाय आपट्यांची कादंबरी मागायला कोणी वाचनालयात जात नाही. तुमच्या तालुक्याच्या जुन्या वाचनालयात ‘न पटणारी गोष्ट’ची एखादी प्रत कपाटात पडून असेल, तर पाने पिवळी पडली म्हणून ती रद्दीत निघणार नाही, एवढे तिथल्या ग्रंथपालांना सांगून ठेवा.