कानाचे मशीन घेण्यापूर्वी

"आवाज येतो, पण बोललेले कळत नाही," अशी तक्रार बहुतेक वृद्ध करतात. हा त्यांचा हट्ट किंवा दुर्लक्ष नव्हे. वयानुसार आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी झिजतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण 'स', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजने निसटतात. 'सात' म्हटले की 'हात' ऐकू येते. मग ओरडून बोलण्याचाही फारसा उपयोग होत नाही.

अशा वेळी थेट दुकानात जाऊ नये. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कानातला मळ, पडद्याचे छिद्र किंवा पडद्यामागील पाणी यांमुळेही ऐकू कमी येते आणि त्यावर उपचार आहेत. कान एक-दोन दिवसांत अचानक बंद झाला, तर त्याच दिवशी तज्ज्ञांना गाठावे.

त्यानंतर ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी करून घ्यावी. ४० ते ६० डेसिबलच्या मध्यम बहिरेपणात मशीनचा चांगला उपयोग होतो. बहिरेपणा फार तीव्र असेल, तर फायदा मर्यादित राहतो. या चाचणीच्या आलेखानुसारच मशीन जुळवायचे असते. जाहिरात पाहून मागवलेली तयार यंत्रे सगळेच आवाज सरसकट मोठे करतात; ती घेऊ नयेत.

कानात लपणारे छोटे मशीन सर्वांना आवडते. परंतु हात थरथरत असतील किंवा दृष्टी मंद असेल, तर त्याचा इवलासा सेल बदलणे जमत नाही. अशांना कानामागचे मशीन सोयीचे. महागडे मशीन म्हणजे अधिक फायदा, असेही नाही. पैसे भरण्यापूर्वी काही दिवस वापरून पाहण्याची सवलत मागावी. दुरुस्ती कुठे होईल, हेही विचारावे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मशीन मोफत मिळू शकते. त्यासाठी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

चष्मा लावताच स्पष्ट दिसते, तसे मशीनचे नाही. मशीन आवाज वाढवते. झिजलेल्या पेशी बऱ्या करत नाही. सुरुवातीला भांड्यांचा, पंख्याचा आणि स्वतःचाही आवाज त्रासदायक वाटतो. म्हणून पहिले काही दिवस शांत खोलीत तास-दोन तास वापरावे आणि वेळ हळूहळू वाढवावी. सवय व्हायला काही आठवडे लागतात. दरम्यान एक-दोनदा मशीन पुन्हा जुळवून घ्यावे. शिटी वाजत असेल, तर ते कानात नीट बसले नसावे किंवा कानात मळ साचला असावा. लग्नमंडपातील गोंगाटात मात्र मशीन लावूनही अडचण येणारच.

आंघोळीपूर्वी आणि झोपताना मशीन काढून कोरड्या डबीत ठेवावे. घरच्यांनी टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावे. एवढे केले नाही, तर हजारो रुपयांचे मशीन महिनाभरात कपाटात जाते आणि म्हातारे माणूस पुन्हा कोपऱ्यात एकटे बसते.