कार्डावरील बट्टा कोणीं द्यावा?



नांदेडच्या बाजारास ‘बट्टा’ हा शब्द नवा नाहीं. निजामी अमलांत येथें हाली शिक्का चाले, शेजारच्या मुंबई इलाख्यांत कलदार रुपया. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये पडत. शिवाय नाणें बदलून देणारा सराफ आपला बट्टा कापून घेई. १९५९ सालीं हाली नाणें रद्द झालें. आज बट्ट्याचा प्रश्न कार्डाच्या रूपानें पुन्हां उभा आहे.

विष्णुपुरीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. समजा, तेथील एका रुग्णाच्या नातलगानें बारा हजारांचीं औषधें घेतलीं, आणि दुकानदार म्हणाला, “कार्डानें दिल्यास दोन टक्के जास्त.” हे २४० रुपये त्यानें द्यावे काय?

उत्तर कार्डाच्या प्रकारावर अवलंबून आहे. कार्डानें आलेल्या रकमेंतून बँक दुकानदाराकडून कांहीं अडत कापून घेते. डेबिट कार्डाच्या अडतीस रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली : वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्यास शेंकडा ०.४०, इतरांस शेंकडा ०.९०. दुकानदार ती गिऱ्हाइकावर लादणार नाहीं, हें बँकांनीं पाहावें, असेंही बजावलें. रुपे डेबिट कार्ड आणि बँकखात्यांतून होणारें यूपीआय यांवर तर १ जानेवारी २०२० पासून अडतच नाहीं. तेव्हां त्यांवर दोन टक्के मागणारा दुकानदार, स्वतः न दिलेला खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करितो.

क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. त्याच्या अडतीस अशी सरकारी कमाल मर्यादा नाहीं. ती करारानें ठरते व दोन टक्क्यांच्या आसपासही जाते. बहुधा तोच करार गिऱ्हाइकाकडून जादा आकार घेण्यास मनाई करितो. पेट्रोल पंपावर मात्र क्रेडिट कार्डास सुमारें एक टक्का अधिभार लागतो. कित्येक बँका तो परत देतात.

दुकानदाराचीही बाजू आहे. थोड्या नफ्यांतून दोन टक्के जाणें त्यास जड वाटतें. आणि तो खर्च किंमतींत मिसळल्यास रोख देणाऱ्या शेतकऱ्यावरही त्याचा भार पडतो. परंतु यावरील इलाज त्यानें आपल्या बँकेशीं बोलून काढावा, अडलेल्या गिऱ्हाइकापाशीं नव्हे.

म्हणून कार्ड देण्यापूर्वींच आकार विचारावा. तो घेतल्यास पावतीवर निराळा लिहून मागावा आणि आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते.