संगणक-नियंत्रित राउटर यंत्रासाठी कापीव आकारांचे आरेखन : एक विवेचन

प्रस्तावना :
पारंपरिक सुतारकामात आखणी आणि कापणी ही दोन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. आखलेल्या रेषेच्या कोणत्या बाजूने करवत चालवावयाची, हे कसबी सुताराला सांगावे लागत नाही. संगणक-नियंत्रित राउटर यंत्रात, म्हणजेच सी.एन.सी. राउटरमध्ये, ही दोन कामे विभागली जातात. आखणी संगणकावर होते व कापणी यंत्र करते. यंत्र मात्र आखणीतील चूक स्वतःहून सुधारत नाही. संख्यात्मक नियंत्रणाची कल्पना जॉन पार्सन्स यांच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांसंबंधीच्या कामातून पुढे आली आणि १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. धातुकामासाठी विकसित झालेले हे तंत्र आज लाकूडकामातही रुळले आहे.

पडद्यावरील रेषेला जाडी नसते. फिरणाऱ्या बिटला मात्र व्यास असतो. या एका भेदातून आरेखनाचे बहुतेक नियम कसे निष्पन्न होतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी १८ मि.मी. प्लायवूडची, खाचांत फळ्या बसविण्याची पुस्तकांची मांडणी आणि ६ मि.मी. व्यासाचा बिट हे उदाहरण घेतले आहे.

१. बंद आकृती :
कापावयाचा प्रत्येक आकार ही बंद आकृती असली पाहिजे. दोन बिंदूंमध्ये डोळ्यांना न दिसणारी फट राहिली, तरी आकाराची आतली व बाहेरची बाजू कोणती, हे सॉफ्टवेअरला ठरविता येत नाही. एकावर एक दोन रेषा पडल्यास बिट त्याच मार्गावरून दोनदा जाण्याचा संभव असतो. फाइलमध्ये एकक नोंदलेले नसल्यास मिलिमीटरचा आकडा इंच समजला जाऊन आकार २५.४ पट मोठा होऊ शकतो.

२. रेषेची बाजू :
बिटचा मध्य रेषेवरूनच चालविला, तर दोन्ही बाजूंचे ३-३ मि.मी. लाकूड जाते. १०० मि.मी.चा चौरस तुकडा ९४ मि.मी.चा होतो आणि ५० मि.मी.चे छिद्र ५६ मि.मी.चे होते. म्हणून तुकडा हवा असल्यास टूलपाथ रेषेच्या बाहेरून आणि छिद्र हवे असल्यास आतून, त्रिज्येइतक्या अंतरावर घ्यावा लागतो.

३. आतील कोपरा :
बाहेरील कोपरे टोकदार येतात, कारण बिट त्यांना वळसा घालून जातो. खाचेच्या आतील कोपऱ्यात मात्र ३ मि.मी. त्रिज्येची गोलाई राहतेच आणि चौकोनी फळी तेथे अडते. ही गोलाई पटाशीने काढता येते. अथवा आरेखनातच कर्णाच्या दिशेने बिटला सुमारे १.२४ मि.मी. पुढे नेऊन कोपरा मोकळा करता येतो. अशी खाच हाडाच्या टोकांसारखी दिसते, म्हणून या रचनेस डॉगबोन म्हणतात.

४. प्रत्यक्ष जाडी :
१८ मि.मी. ही प्लायची नाममात्र जाडी होय. तक्ता प्रत्यक्षात १७.६ मि.मी. भरला, तर १८ मि.मी.च्या खाचेत फळी हलते, १८.२ भरला, तर ती बसतच नाही. तक्त्याची जाडी व्हर्नियरने अनेक ठिकाणी मोजून, टाकाऊ तुकड्यावर खाच कापून पाहावी आणि मगच खाचेची रुंदी ठरवावी.

५. कापणीचा क्रम :
आधी आतील छिद्रे व खाचा आणि शेवटी बाहेरील कड, असा क्रम ठेवावा. बाहेरील कड आधी कापल्यास तुकडा सुटून सरकतो व पुढील छिद्रांची जागा चुकते. शेवटच्या फेरीत तुकडा उसळू नये, म्हणून कडेवर ठिकठिकाणी न कापलेले लहान पूल राखावेत. १८ मि.मी. जाडी एका दमात न कापता ३-३ मि.मी.च्या सहा फेऱ्यांत कापल्यास बिटवरील ताण कमी राहतो. शेवटची फेरी किंचित खोल ठेवावी. त्यासाठी तक्त्याखाली टाकाऊ फळी असावी.

निष्कर्ष :
वरीलपैकी एकही निर्णय चुकला, तरी आठ बाय चार फुटांचा तक्ता वाया जाऊ शकतो आणि दोष मात्र अनेकदा यंत्र चालविणाऱ्याच्या माथी येतो. वस्तुतः यातील बहुतेक चुका यंत्र सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर घडलेल्या असतात. रेषेची बाजू ओळखणे, लाकूड मोजून पाहणे, कोपरा साफ करणे हे ज्ञान सुताराकडे पूर्वापार आहे. यंत्रामुळे ते कालबाह्य झालेले नाही. त्याची जागा कापणीकडून आरेखनाकडे सरकली आहे. म्हणून आरेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरसोबत एकदा तरी पटाशी व गुण्या हाती घ्यावा आणि आरेखनाच्या वेळी अनुभवी सुताराला संगणकाजवळ बसवावे. तसे झाल्यास साहित्याचा अपव्यय टळेल आणि त्या कारागिराच्या ज्ञानालाही नव्या कार्यशाळेत योग्य स्थान मिळेल.