दोघांचाच प्रवास आणि कुटुंबांचे जहाज

दिवाळी जवळ आली की सुरतेच्या कतारगाम भागातील हिऱ्यांचे कारखाने एकामागून एक बंद होऊ लागतात. वर्षभर अखंड फिरणाऱ्या घंट्या थांबतात, रत्नकलाकारांचे हिशेब चुकते होतात, आणि सुमारे तीन आठवडे ह्या गजबजलेल्या वस्तीला गावाचे वेध लागतात. सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे भावनगर-अमरेलीची वाट धरतात. खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या गाडीत जागा शोधतात. परंतु अलीकडे ह्या दोन वाटांच्या जोडीला तिसराही एक विचार मूळ धरू लागला आहे. सुट्टीत गावी न जाता चार दिवस समुद्रावर काढावेत, असा तो विचार होय.

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या पर्यटन-जहाजाची जाहिरात पाहिली, तर तीत बहुधा एक ठराविक चित्र आढळते: हसरे आईबाप, त्यांची दोन मुले आणि पाठीमागे निळे पाणी. असे जहाज कुटुंबांसाठी आहे, हे त्या चित्रातून न बोलताच सांगितले जाते. मग ज्या घरात नवरा-बायको दोघेच आहेत, त्यांनी अशा जहाजावर जावे की न जावे? पैसे देऊन दुसऱ्यांच्या मुलांचा गलका ऐकायला जाण्यासारखे तर ते होणार नाही ना? प्रश्न साधा दिसतो; पण वर्षभराच्या शिलकीतून हा खर्च करावयाचा असेल, तर तो नीट तपासून पाहिलेला बरा.

सुरतेला समुद्रप्रवास नवा नाही. मोगलांच्या काळी हजला जाणारे यात्रेकरू ह्याच बंदरातून जहाजात बसत, आणि १६०८ साली इंग्रजांचे ‘हेक्टर’ हे जहाज येथेच येऊन लागले. आजही नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या हजीरा-घोघा फेरीने रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आणले, आणि भावनगरच्या लोकांचा प्रवास चारेक तासांचा झाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही कोकणच्या बोटींनी अनेक पिढ्यांची वाहतूक केली. ट्रंका, वळकट्या आणि फराळाचे डबे घेऊन डेकवर पथारी पसरणारे चाकरमानी अजूनही पुष्कळांच्या आठवणीत असतील. परंतु ह्या सर्व प्रवासांत बोट हे साधन होते. पोहोचणे हे साध्य होते. पर्यटन-जहाजाची गोष्ट ह्याच्या अगदी उलट आहे. तेथे कोठे पोहोचावयाचे ह्यापेक्षा जहाजावर दिवस कसा जातो ह्यालाच महत्त्व असते. ते एक तरंगते विश्रामगृहच होय. म्हणूनच शेजार कोणाचा, हा प्रश्न तेथे अधिक जाणवतो. बोटीतील शेजार चार तासांचा असतो. जहाजावरील शेजार जेवणाला, करमणुकीला आणि झोपेलाही सोबत करतो.

२०२१ च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ कंपनीने मुंबईहून ‘एम्प्रेस’ ह्या जहाजाच्या सफरी सुरू केल्या. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले. त्याचे मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’, आणि अमेरिकेतील मायामीहून बहामा बेटांकडे तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी करण्यासाठीच ते मुद्दाम बांधलेले होते. सुमारे अठ्ठेचाळीस हजार टनांचे हे जहाज अठराशेच्या आसपास उतारू घेऊ शकते. हे आकडे ध्यानात ठेवण्याचे कारण असे की, जहाजाचा आकार आणि सफरीची लांबी ह्या दोन गोष्टींवर तेथील वातावरण पुष्कळसे अवलंबून असते. छोट्या सफरीवर आलेला मनुष्य दोन-तीन दिवसांत सारी हौस फेडून घेऊ पाहतो. त्यामुळे तेथे गजबज अधिक, निवांतपणा कमी. लांबच्या सफरीवर उतारू सहसा वयाने मोठे असतात, कारण इतकी रजा आणि इतका पैसा त्यांच्याजवळच असतो.

आता ‘कुटुंबांचे जहाज’ म्हणजे काय, ते पाहू. जहाजावरील खोलीचे भाडे साधारणतः दोन माणसे धरून ठरविलेले असते. त्याच खोलीत भिंतीतून उघडणाऱ्या किंवा छतातून खाली येणाऱ्या बिछान्यांवर तिसरा आणि चौथा उतारू झोपू शकतो, आणि त्याचे भाडे पुष्कळदा बरेच कमी असते. खोली तर चालणारच आहे. तेव्हा तीत आणखी दोन मुले आली, तर तितकेच उत्पन्न वाढले, असा हा सरळ हिशेब आहे. ह्यावरून दोघांनीच जाणाऱ्यांचे नुकसान होते, असे मात्र समजू नये. खोलीचा मूळ हिशेब दोघांचाच असल्यामुळे दांपत्याला नेमके दोघांचेच भाडे पडते. खरा भुर्दंड पडतो तो एकट्याने जाणाऱ्याला. कारण त्याला पुष्कळदा जवळजवळ दोघांचे भाडे मोजावे लागते.

मुलांना स्वस्तात आणावयाचे, तर त्यांना गुंतवून ठेवण्याचीही सोय हवी. म्हणून अशा जहाजांवर मुलांसाठी वेगळ्या खोल्या, खेळ, चित्रकला आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी माणसे असतात. येथेच एक गोष्ट उमगते, जी प्रथमदर्शनी उलटी वाटेल. ज्या जहाजावर मुलांची सोय उत्तम, तेथे मोठ्यांनाही अधिक शांतता मिळते. मुलांना जेथे स्वतःची जागा नसते, तेथे सारे जहाजच त्यांचे अंगण होते: बोळ, जिने आणि उद्वाहनसुद्धा. ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बालकांच्या करमणुकीसाठी जगभर प्रसिद्ध असलेली डिस्ने कंपनी. तिचे ‘डिस्ने मॅजिक’ हे पहिले जहाज १९९८ साली निघाले, तेव्हाच त्यावर केवळ प्रौढांसाठी पोहण्याचा एक तलाव आणि एक स्वतंत्र भोजनगृह राखून ठेवले होते. बहामातील ह्या कंपनीच्या बेटावरही अठरा वर्षांवरील लोकांसाठी किनाऱ्याचा एक भाग वेगळा आहे. मुलांचीच म्हणून ओळखली जाणारी कंपनी मोठ्यांना एकांत देण्याची इतकी काळजी का घेते? कारण आईबापांनाही थोडा वेळ दोघांनीच बसावेसे वाटते, हे तिने ओळखले आहे. ह्या सोयीचा लाभ मूल नसलेल्या दांपत्यालाही आपोआपच मिळतो.

तथापि अशी विभागणी करावयाला जागा लागते. फार मोठ्या जहाजावर तलाव अनेक असू शकतात. मध्यम आकाराच्या जहाजावर त्याच तलावाभोवती सर्वांना जमावे लागते. तेव्हा जागा राखून ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रौढांसाठी राखीव अशी जागा जहाजावर आहे काय? मुलांच्या दालनाच्या वेळा कोणत्या? आणि जेवणाच्या पाळ्या किती? जेथे दोन पाळ्या असतात, तेथे मुलाबाळांची कुटुंबे बहुधा पहिली पाळी घेतात, कारण मुलांना लवकर भूक आणि लवकर झोप येते. दुसरी पाळी घेतली की निम्मा गलका टळतो. दोघांचेच मेज हवे, की अनोळखी लोकांच्या पंक्तीला बसण्याची तयारी आहे, हेही आधीच सांगितलेले चांगले.

खोलीच्या निवडीलाही असेच महत्त्व आहे. तलावाच्या किंवा नाचगाण्याच्या मजल्याखालची खोली टाळावी. वर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्यांचा आवाज पहाटेपासून कानी येतो. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी तेथेच खोली घ्यावी. बोट लागते की नाही हे ठाऊकच नसेल, तर कतारगामच्या रहिवाशाला त्याची परीक्षा स्वस्तात करता येईल. हजीऱ्याहून घोघ्याला एकदा जाऊन यावे. चार तासांत पोट काय म्हणते, ते कळले की चार दिवसांचा निर्णय सोपा होतो.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र दिवसांचा आहे, आणि येथे कतारगामच्या दांपत्याची अडचण इतरांहून वेगळी आहे. मुले नसलेल्यांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नाही, त्यांनी गर्दी नसलेल्या दिवसांत जावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो योग्यही आहे. परंतु ज्याचे पोट हिऱ्याच्या कारखान्यावर आहे, त्याला मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत. शाळाही त्याच दिवसांत बंद असतात. म्हणजे घरात मूल नसतानाही ह्या दांपत्याला मुलांच्याच पंचांगाप्रमाणे चालावे लागते. भाडे चढलेले, जहाज भरलेले आणि मुलांचा उत्साह ऐन भरात, अशा वेळी त्यांचा प्रवास घडतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा किंवा शाळा उघडल्यानंतरचे मधल्या वारांचे दिवस पाहावेत. शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या सफरीपेक्षा सोमवारी निघणारी सफर सहसा शांत असते. पावसाळ्यातील स्वस्ताईची आशा मात्र धरू नये. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो. कोकणच्या बोटीही त्या दिवसांत बंद राहत, आणि कोळी बांधव अजूनही नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करूनच होड्या पाण्यात लोटतात. ‘एम्प्रेस’नेही २०२२ च्या जूनमध्ये पश्चिम किनारा सोडून चेन्नईहून सफरी केल्या.

खर्चाचा हिशेब करताना जाहिरातीतील आकड्यावर थांबू नये. बंदराचे शुल्क, कर, सेवकांचे बक्षीस, पेये, किनाऱ्यावरील सहली आणि इंटरनेट ह्यांचे पैसे पुष्कळदा वेगळे पडतात. नवविवाहितांनी आणखी एक नियम जाणून घ्यावा: गर्भारपणाचे चोवीस आठवडे झाल्यानंतर बहुतेक कंपन्या स्त्रीला जहाजावर घेत नाहीत.

ज्यांना मुलांचा आवाज मुळीच नको, त्यांच्यासाठी जगात वेगळी जहाजे आहेत. इंग्लंडमधील ‘पी अँड ओ’ कंपनीची ‘आर्केडिया’ आणि ‘ऑरोरा’ ही जहाजे केवळ प्रौढांसाठी आहेत. ‘व्हर्जिन व्हॉयेजेस’ ही कंपनी अठरा वर्षांखालील उतारू घेतच नाही. पण ती गाठण्यासाठी आधी परदेशी जावे लागते. आपल्या देशात नदीवरील सफरी हा एक पर्याय आहे. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेल्या ‘गंगा विलास’ ह्या नौकेत अवघ्या छत्तीस उतारूंची सोय होती. तेथे शांतता आहे. परंतु तिचे मोल सामान्य पगारदाराच्या आवाक्यात नाही.

इतका विचार झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. दोघेच प्रवास करणारी सारी दांपत्ये एकसारखी नसतात. काहींचे नुकतेच लग्न झालेले असते. काहींची मुले शिकून पुण्याला, कॅनडाला किंवा ऑस्ट्रेलियाला गेलेली असतात. जहाजावर धावणारे नातवाच्या वयाचे मूल पाहून त्यांना आनंदच होतो. आणि काहींच्या घरी मूल झालेलेच नसते. ह्या तिसऱ्या दांपत्याला गलक्याचा त्रास नसतो. त्रास असतो तो एका प्रश्नाचा. जेवणाच्या मेजावर शेजारच्या बाई सहज विचारतात, “मुलांना कोणाकडे ठेवून आलात?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसते; पण ज्या प्रश्नापासून चार दिवस दूर राहावे म्हणून घर सोडले, तोच समुद्रावरही समोर येऊन बसतो. म्हणून अशा दांपत्याने खोली आणि पाळी ठरविण्यापूर्वी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे. दोघांपैकी एकाला मुलांच्या सहवासात बरे वाटत असेल आणि दुसऱ्याला ते जड जात असेल, तर हे किनाऱ्यावरच कळलेले बरे. आणि मुले बरोबर घेऊन आलेल्यांनीही समोरच्या मेजावर दोघेच दिसले, तर समुद्राबद्दल, जेवणाबद्दल, गावाबद्दल बोलावे. मुलांची चौकशी त्यांच्यावर सोडावी.

तेव्हा उत्तर असे देता येईल. पूर्ण एकांत हवा असेल, तर ऐन दिवाळीत कुटुंबांच्या जहाजावर जाऊ नये. त्या पैशांत एखाद्या शांत समुद्रगावी आठवडा काढणे अधिक सुखाचे होईल. परंतु थोडी गजबज सोसत असेल, दिवस, खोली आणि जेवणाची पाळी विचारपूर्वक निवडता येत असेल, तर असे जहाज दोघांनाही उत्तम मानवते. केवळ ‘हे कुटुंबांचे आहे, आपले नव्हे’ ह्या संकोचाने मागे फिरण्याचे कारण नाही. मराठी भाषेचीच ह्याला साक्ष आहे. जुन्या पिढीतील गृहस्थ पत्नीची ओळख करून देताना ‘हे आमचे कुटुंब’ असे म्हणत. त्यांच्या लेखी कुटुंब पूर्ण होण्यास तिसऱ्या माणसाची वाट पाहावी लागत नव्हती. जहाजावरची खोलीही दोघांच्याच हिशेबाने बांधलेली असते.