जुन्या दुनळीची दुरुस्ती बिघडली, तर काय करायचे?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. अनेक मराठी घरांत आजोबांची किंवा वडिलांची बारा बोअरची दुनळी अजून कपाटात आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली आणि या बंदुका पडून राहिल्या. मग कधीतरी परवाना वारसाच्या नावावर होतो आणि वाटते, एकदा नीट करून घेऊ. इथेच घोटाळा होतो. माझाही झाला.

माझ्याकडे वडिलांची बर्मिंगहॅमची दुनळी आहे. मी नोएडात राहतो. परवान्याच्या क्षेत्रात दिल्ली येते, म्हणून ती यमुनेपलीकडे दिल्लीतल्या एका कारागिराकडे दिली. देताना मी एकच वाक्य बोललो, "नव्यासारखी करून द्या." महिन्याभराने बंदूक हाती आली. परेडच्या बुटासारखी चकचकीत काळी! पण कोरीवकामातली पाने पुसट झाली होती, कडा गोल झाल्या होत्या आणि नंबर भिंगाखाली जेमतेम वाचता येत होता. चूक कारागिराची होतीच, पण पहिली चूक माझ्या त्या वाक्यात होती.

नेमके बिघडते काय?

पहिली गोष्ट घासणे. गंजाचे खड्डे काढायला नळी चाकावर घासतात. खड्डा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचे लोखंड खाली आणले जाते. म्हणजे नळी पातळ होते. नळीची भिंत सर्वात पातळ जागी साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर जाणकार कारागीर ती बंदूक चालवू नका असेच सांगतात.

दुसरी गोष्ट काळा रंग. जुन्या पद्धतीत नळीवर मुद्दाम बारीक गंज आणतात, ती पाण्यात उकळतात, ब्रशने साफ करतात आणि हेच पुन्हापुन्हा करतात. यात कित्येक दिवस जातात. घाईत असलेला माणूस नळ्या कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवतो. एकनळी रायफलला ते चालते. दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी मात्र शिसे-कथलाच्या झाळणीने जोडलेली असते. ते द्रावण झाळण खाते आणि पट्टीखाली अडकून आतून गंज चढवते.

तपासायची सोपी रीत सांगतो. नळ्या दस्त्यापासून सोडवा, खालच्या हुकात दोरी घालून लटकवा आणि लाकडाने हलके टिचकवा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर जोड ठीक आहे. आवाज बसका किंवा खरखरीत आला तर पट्टी सुटलेली असू शकते. माझ्या बंदुकीचा आवाज फुटक्या मडक्यासारखा आला.

सर्वात आधी काय करायचे?

बंदूक चालवायची नाही. 'एक बार काढून बघू' हा विचारही नको. जुन्या इंग्लिश बंदुका बहुधा ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनल्या आहेत आणि आज ७० चे सर्रास मिळते. ते आत बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. त्यात नळी घासून पातळ झालेली असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरे, त्याच कारागिराला 'थोडे अजून बघा' म्हणून बंदूक लगेच परत देऊ नका. प्रत्येक दुरुस्तीत आणखी लोखंड जाते, आणि गेलेले लोखंड परत येत नाही. आधी चारी बाजूंनी फोटो काढा. मग परवाना असलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून नळीची जाडी मोजून घ्या आणि ती लेखी घ्या.

नंबर पुसला गेला तर?

हा मुद्दा हलका समजू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा ओळखखूण पुसणे गुन्हा आहे. अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच खूण पुसली, असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणून मी त्याच आठवड्यात परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवले. सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो व दुकानाची पावती जोडली. पोच घेतली. नंबर स्वतः पुन्हा ठोकून घेण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

पैशांचे काय?

आधी शांतपणे लेखी तक्रार द्या. उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी त्यात येते. दोन वर्षांच्या आत आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे दुकान दिल्लीत असले, तरी नोएडाच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. हेल्पलाइन १९१५ आहे. माझे प्रकरण तिथवर गेले नाही. दुकानदाराने निम्मे पैसे परत केले आणि मी विषय संपवला. पावती नसती तर तेवढेही मिळाले नसते.

पुढच्या वेळी

कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तो आधी बघा. आपल्या परवान्याचे क्षेत्र बघा. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम हे आपल्याला एकच शहर वाटते, पण कायद्याने ती दोन राज्ये आणि एक केंद्रशासित प्रदेश अशी वेगळी क्षेत्रे आहेत. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. आणि काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही ते कागदावर लिहा: चाकावर घासायचे नाही, गरम द्रावणात बुडवायचे नाही, विचारल्याशिवाय नळीतून काहीही काढायचे नाही, दस्त्यावर लाखेचे पॉलिश नको, फक्त तेल.

माझ्या दुनळीची पट्टी एका वयस्क कारागिराने पुन्हा जोडून दिली. नाद सुधारला. पण जाडी मोजल्यावर तो म्हणाला, "साहेब, आता हिला आराम द्या." ती आता बार काढणार नाही. वडिलांच्या हाताने दस्त्यावर पडलेला एक ओरखडा तेवढा वाचला, कारण तिथे पॉलिश नीट बसले नव्हते.

जुनी वस्तू नवी करायची नसते, आणखी बिघडू द्यायची नसते. एवढे लक्षात ठेवा. जय हिंद!