जळत्या कवटीचा स्वार

टी-शर्टवर किंवा वहीच्या वेष्टनावर जळत्या कवटीचा मोटारसायकलस्वार तुम्ही पाहिला असेल. हा 'घोस्ट रायडर'. चित्र भेसूर आहे हे खरे, आणि पालकांनी कपाळाला आठ्या घालाव्यात हेही साहजिकच. पण आतली गोष्ट तितकी उथळ नाही.

अमेरिकेतील 'मार्व्हल'च्या 'मार्व्हल स्पॉटलाइट' या कॉमिकच्या पाचव्या अंकात, ऑगस्ट १९७२ मध्ये, तो प्रथम अवतरला. जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलवर कसरती करणारा अनाथ तरुण. त्याला वाढवणाऱ्या क्रॅश सिम्प्सनला कर्करोग होतो. त्याला वाचवण्यासाठी जॉनी सैतानाला आपला आत्मा देऊ करतो. "या रोगाने तो मरू नये," एवढेच तो मागतो. सैतान शब्द पाळतो. क्रॅश रोगाने मरत नाही. मोटारसायकलची अचाट उडी मारताना मरतो! मागणे नीट न तोलल्याची शिक्षा म्हणून जॉनीच्या देहात एक पिशाच्च येऊन बसते. पुढील अंकांत त्याचे नाव झॅराथोस असल्याचे कळते.

आपल्याकडे 'अंगात येणे' म्हणतात, ते येते आणि उतरते. येथे मात्र बिऱ्हाड कायमचे. म्हणून घोस्ट रायडर ना धड नायक, ना धड खलनायक. तो दुष्टांना शासन करतो, पण ती शक्ती त्याने कमावलेली नाही आणि टाकून देणेही त्याच्या हाती नाही.

१९९० मध्ये डॅनी केच हा नवा यजमान आला. त्याच्याबरोबर एक विलक्षण शस्त्र आले: नजर. अपराध्याने इतरांना जेवढे दुःख दिले, तेवढे सगळे ती नजर पडताच त्याला स्वतःला भोगावे लागते. २०१४ मधला रॉबी रेयेस मोटारसायकल नव्हे, मोटार चालवतो. त्याच्यात शिरलेला आत्मा खुनी काकाचा आहे, आणि घरी चाकाच्या खुर्चीवरचा धाकटा भाऊ. तिघांत आम्हाला हाच अधिक जवळचा वाटतो. काकाला रक्त हवे, भावाला सांभाळणारा हवा, आणि शरीर एकच.

करारातील शब्दांचा फास पुस्तकाबाहेरही पडला. या पात्राचे लेखक गॅरी फ्रेडरिक यांनी १९७८ मध्ये पुढे काम मिळेल या आशेने 'मार्व्हल'च्या एका पानाच्या करारावर सही केली होती. २००७ मध्ये निकोलस केजचा चित्रपट आला, त्याच वर्षी त्यांनी हक्कासाठी दावा लावला. २०११ मध्ये ते हरले. २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्या कराराची भाषाच संदिग्ध ठरवून निकाल फिरवला. त्यानंतर दोन्ही पक्षांनी तडजोड केली. फ्रेडरिक २०१८ मध्ये वारले.