समुद्र वाहतोय, पण श्वास गोठला!

ओट्याखालचा गॅसचा सिलिंडर पाहिलाय ना? त्याच्या डोक्यावरच्या टोपीला रेग्युलेटर म्हणतात. आता ओळखा पाहू, रेग्युलेटर चक्क तोंडात धरून कोण फिरतं?

पाणबुडे!

त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये असते आपलीच नेहमीची हवा. पण किती कोंबलेली! १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ २,४०० लिटर हवा! एका बाकावर अख्खी शाळा बसवल्यासारखंच की!

ती हवा एकदम तोंडात सोडली तर? नको रे बाबा! म्हणून तिच्या वाटेवर दोन दारं असतात. एक सिलिंडरपाशी, दुसरं तोंडापाशी. पहिलं दार हवेचा जोर खूपसा उतरवतं, उरलेला दुसरं उतरवतं. श्वास घेतला की दार उघडतं, थांबलं की मिटतं. कुस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली फ्रान्समध्ये श्वास घेतला की हवा सोडणारं उपकरण बनवलं आणि माणूस माशासारखा मोकळा पोहू लागला!

आता एक प्रयोग. सायकलच्या चाकातली थोडी हवा सोडा. (स्वतःच्याच सायकलची हं!) वॉल्व्हपाशी बोट धरा. गार लागलं ना? कोंबलेली हवा सुटली की पसरते आणि पसरताना स्वतःचीच ऊब खर्च करून टाकते. सिलिंडरमधला दाब तर चाकातल्या दाबाहून कितीतरी जास्त. मग गारठाही तेवढाच मोठा! पाणी आधीच थंडगार असेल, तर ही हवा शून्य अंशाच्याही खाली जाते.

चला अंटार्क्टिकाला! तिथे मॅकमर्डो साउंड नावाचा समुद्राचा भाग आहे. शास्त्रज्ञ बर्फाला भोक पाडून त्यात उतरतात. खालचं पाणी उणे १.८ अंश, तरी पातळच! का? मीठ! खारं पाणी सहजी गोठत नाही.

पण पाणबुड्याच्या श्वासातली वाफ? तिच्यात मीठ कुठलं? ती गोड्या पाण्याची, शून्यालाच गोठणारी. म्हणजे बघा हं, एवढा मोठा समुद्र गोठत नाही आणि श्वास मात्र दाराशी बर्फ होऊन बसतो!

गोड्या पाण्याच्या गार तळ्यात आणखी गंमत. तिथे पहिल्या दाराच्या स्प्रिंगला लागलेलं पाणीही गोठतं आणि स्प्रिंगला घट्ट मिठी मारतं.

मग हवा बंद? मलाही आधी तसंच वाटलं होतं. साफ चूक! दार बहुतेक वेळा उघडंच अडकतं, जसं फटीत चप्पल सरकवलेलं दार मिटत नाही तसं. मग काय, हवा सुसाट! फसफस, बुडबुडे, समोरचं काही दिसेना! आणि जितकी जास्त हवा धावते तितका गारठा वाढतो, गारठा वाढला की बर्फ वाढतो. अख्खा सिलिंडर काही मिनिटांत रिकामा!

मालवणच्या समुद्रात ही भानगड नाही. तिथलं पाणी कोमट. अंटार्क्टिकात मात्र दोन वेगवेगळे रेग्युलेटर नेतात, एक रुसला तर दुसरा. आणि पाण्यात शिरेपर्यंत त्यांतून श्वासच घेत नाहीत! वरची हवा पाण्याहूनही गार असते ना, ओला श्वास लागला की झालाच बर्फ.

काही रेग्युलेटरना धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्या आजूबाजूच्या पाण्यातून ऊब गोळा करतात. हसू नका! गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पाणी साधारण ४ अंशांचं असतं. आपल्याला ते बर्फासारखं वाटेल, पण शून्याखालच्या हवेपुढे ते ऊनच की!

अशा तळ्यात दार अडकलं, तर पाणबुडा दुसऱ्या रेग्युलेटरमधून श्वास घेतो आणि जोडीदार अडकलेल्या रेग्युलेटरचा नळ बंद करतो. फसफस थांबते. आणि मग थोड्या वेळाने तेच थंडगार पाणी हळूहळू बर्फ वितळवून टाकतं!